तमाम शुद : सॉमर्टनच्या किनाऱ्यावरचा माणूस, आणि नाव मिळाल्यानंतरचे प्रश्न

पिंपळपान (धागाकर्ता)

इथे न उलगडलेल्या खुनांचे, बेपत्ता माणसांचे धागे निघाले की सॉमर्टन मॅनचा उल्लेख हमखास येतो, आणि तो 'जगातलं सगळ्यात गूढ कोडं' म्हणूनच येतो. जुलै २०२२मध्ये त्याचं नाव जाहीर झालं हे बऱ्याच जणांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यातल्या अनेकांचा सूर 'अरेरे, मजा गेली' असा असतो. तो सूर मला फार खटकतो, म्हणून सविस्तर लिहितोय. जरा लांबेल.

अ‍ॅडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया. ३० नोव्हेंबर १९४८ची संध्याकाळ. ग्लेनेलगला लागून असलेल्या सॉमर्टनच्या किनाऱ्यावर एक सराफ बायकोबरोबर फिरायला आला होता. सातच्या सुमाराला त्यांना बंधाऱ्याच्या भिंतीला डोकं टेकून वाळूत पडलेला एक माणूस दिसला. अंगात कोट, गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. त्याने उजवा हात जमेल तेवढा वर उचलला आणि सोडून दिला. प्यायलेला असेल असं वाटून दोघं पुढे गेले. थोड्या वेळाने तिथे आणखी एक जोडपं आलं. तोंडावर डास बसताहेत तरी हा हलत कसा नाही, असं ते आपसात बोललेही. जवळ कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला तोच सराफ पोहायला आला तेव्हा माणूस तिथेच होता. पाय एकमेकांवर टाकलेले, कोटाच्या कॉलरवर अर्धवट ओढलेली सिगारेट. जीव गेलेला.

हा उचललेला हात माझ्या डोक्यातून जात नाही. पुढच्या सगळ्या गुप्तलिपीपेक्षा मला तो महत्त्वाचा वाटतो.

खिशात हेन्ली बीचचं न वापरलेलं रेल्वे तिकीट, शहरातून आलेल्या बसचं तिकीट, अमेरिकी बनावटीचा अ‍ॅल्युमिनियमचा कंगवा, च्युइंगगमचं अर्धं पाकीट, काडेपेटी, आणि 'आर्मी क्लब'च्या पाकिटात 'केन्सिटास' या दुसऱ्याच ब्रँडच्या सात सिगारेटी. पैशांचं पाकीट नाही, ओळखीचा कागद नाही. त्या काळात इतका टापटीप माणूस हॅटशिवाय बाहेर पडत नसे, तर हॅटही नाही. आणि कपड्यांवरची लेबलं काढून टाकलेली.

शवविच्छेदनात प्लीहा नेहमीच्या तिप्पट मोठी, पोटात रक्त, यकृतात रक्त साकळलेलं. डॉक्टरांना मृत्यू नैसर्गिक वाटेना, पण तपासणीत कुठलंच विष सापडलं नाही. १९४९च्या चौकशीत औषधशास्त्राचे प्राध्यापक स्टँटन हिक्स यांनी, शरीरात मागे खूण न ठेवणाऱ्या दोन विषांची नावं उघड न उच्चारता चिठ्ठीवर लिहून कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) क्लेलंड यांच्याकडे दिली. डिजिटॅलिस आणि वाबेन. दोन्ही हृदयावर परिणाम करणारी. कॉरोनरला मरणाचं कारण ठरवता आलं नाही, माणूस कोण तेही नाही.

१४ जानेवारी १९४९ला अ‍ॅडलेड स्टेशनच्या सामानघरात एक तपकिरी सूटकेस सापडली. ३० नोव्हेंबरला सकाळी अकरानंतर ठेवलेली, तिचंही लेबल काढलेलं. आत लाल चौकड्यांचा ड्रेसिंग गाऊन, स्लिपर, पायजमे, दाढीचं सामान, इलेक्ट्रिशियनचा स्क्रू ड्रायव्हर, घासून आखूड केलेली सुरी, टोकं धारदार केलेली कात्री, स्टेन्सिलचा ब्रश. शिवाय नारिंगी रंगाचा मेणाचा दोरा. माणसाच्या पँटच्या खिशाचं अस्तर याच दोऱ्याने शिवलेलं होतं. त्यावरून सूटकेस त्याचीच हे ठरलं. एका टायवर 'टी. कीन' असं नाव होतं. त्या नावाचा बेपत्ता माणूस काही मिळाला नाही.

मग काही महिन्यांनी पँटच्या छोट्या चोरखिशात घट्ट गुंडाळलेला कागदाचा कपटा सापडला. त्यावर दोन छापील शब्द : 'तमाम शुद'. उमर खय्यामच्या रुबायांच्या फिट्झजेराल्डकृत इंग्रजी अनुवादाच्या शेवटच्या पानावरून फाडलेला. पोलिसांनी आवाहन केलं तेव्हा एका माणसाने ती प्रत आणून दिली. ग्लेनेलगला उभ्या केलेल्या मोटारीच्या मागच्या सीटवर कुणीतरी टाकलेली. शेवटचं पान फाटलेलं. मागच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेल्या अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या ओळी, आणि एक टेलिफोन नंबर. नंबर जवळच राहणाऱ्या एका नर्सचा. ती म्हणाली, मी या माणसाला ओळखत नाही.

एवढ्यावर जगभर पुस्तकं, लेख, तर्क उभे राहिले. रशियन हेर, विषप्रयोग, प्रेमभंग. मृतदेह टिकवून ठेवला होता तो १४ जून १९४९ला वेस्ट टेरेस कब्रस्तानात पुरला. पुरण्याआधी चेहऱ्याचा आणि खांद्यांचा प्लास्टरचा साचा घेतला. त्या प्लास्टरमध्ये त्याचे काही केस अडकून राहिले, आणि शेवटी कामाला आले ते हेच केस.

अ‍ॅडलेड विद्यापीठातले प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट वर्षानुवर्षं या प्रकरणामागे होते. त्यांनी आणि अमेरिकेतल्या वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी केसांतला डीएनए घेऊन, दूरच्या नातलगांशी जुळवत जुळवत सुमारे चार हजार माणसांची वंशावळ उभी केली. २६ जुलै २०२२ला त्यांनी नाव जाहीर केलं : कार्ल वेब, ऊर्फ चार्ल्स. जन्म १६ नोव्हेंबर १९०५, मेलबर्नचं फुट्सक्रे उपनगर. विजेची उपकरणं बनवणारा कारागीर. सहा भावंडांत धाकटा. कविता करायचा, घोड्यांवर पैसे लावायचा. टायवरचा 'कीन'? त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव कीन.

(पोलिसांनी २०२१च्या मे महिन्यात थडगं उकरून स्वतंत्र तपास सुरू केला. वेब हे नाव अ‍ॅबट यांच्या कामातून आलेलं आहे, पोलिसांचं आणि कॉरोनरचं शिक्कामोर्तब ही वेगळी गोष्ट. हा फरक लक्षात ठेवूनच पुढे बोलू.)

आता मला जे विचारायचं आहे ते. एप्रिल १९४७मध्ये तो बायकोला सोडून गेला, त्यानंतर कागदोपत्री त्याचा माग नाही. भावंडं होती, मेहुणे होते. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो छापून आला. मग एकानेही 'हा आमचा कार्ल' म्हणून पुढे कसं येऊ नये? तो कोण हे साऱ्या जगाने शोधलं. पण त्याच्या स्वतःच्या माणसांपैकी त्याला कोणी शोधलंच नाही, असं मला दिसतं. हेच मला या प्रकरणातलं खरं दुःख वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

दौतटाक

उत्तम धागा. फक्त दोन शब्दांबद्दल लिहितो, कारण परदेशी लेखांत ते मंत्रासारखे वापरले जातात आणि आपल्याला तर ते निम्मे ओळखीचे आहेत. 'तमाम' आपल्याकडे फारसीतूनच आलाय. 'काम तमाम केलं', 'तमाम जनता' असं आपण सहज म्हणतो. 'शुद' म्हणजे झालं. तमाम शुद, म्हणजे संपूर्ण झालं. फारसी पोथ्यांच्या शेवटी लिहायची ही साधी रीत.

आपल्या मोडी पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असे. याच्याखाली मजकूर नाही, कुणी घुसडला तर तो आमचा नाही, हा त्याचा अर्थ. दप्तरात बसून ही पत्रं वाचताना तो शिक्का दिसला की मला नेहमी हा खिशातला कपटा आठवतो. तो कुणी मारेकऱ्याने ठेवला असेल असं मला कधीच वाटलं नाही. चोरखिशात इतका घट्ट गुंडाळून माणूस स्वतःसाठी ठेवतो.

आणि रुबायांचं म्हणाल तर माधव जूलियनांनी त्या थेट फारसीवरून मराठीत आणल्या आहेत. फिट्झजेराल्डचा खय्याम आणि मूळचा खय्याम यांत बरंच अंतर आहे. फिट्झजेराल्डने रुबाया निवडून, जोडून, सलग दिवसभराची कविता केली. वेबच्या हातात होती ती फिट्झजेराल्डची.

निवृत्त खाकी

पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच तपासात. पिंपळपान यांनी लेबलं काढल्याचं लिहिलंय पण एक गोष्ट राहिली. सूटकेसमधल्या कपड्यांवर ड्रायक्लीनरच्या खुणा होत्या : ११७१/७, ४३९३/७ आणि ३०५३/७. पोलिसांनी त्या खुणा घेऊन भट्ट्या पालथ्या घातल्या, हाती काही आलं नाही.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा बेवारस मृतदेह मिळाला की पहिल्यांदा दोन गोष्टी बघायला शिकवायचे : शिंप्याचं लेबल आणि धोब्याची खूण. कॉलर उलटी करून बघ, नाड्याची पट्टी बघ. शर्टाच्या लेबलवर गावाचं नाव असलं की निम्मं काम झालं. शिंपी मापाच्या वह्या जपून ठेवायचे, धोब्याला शाईची खूण पाहिल्याबरोबर घर आठवायचं. आता सगळे तयार कपडे, घरोघरी वॉशिंग मशीन, ती वाट बंद झाली. मोबाइल आणि आधार आले म्हणून लोकांना वाटतं ओळख पटवणं सोपं झालं. पण रुळावर सापडलेल्या माणसाच्या खिशात मोबाइल नसतो.

लेबलं नाहीत म्हणजे हेर, हे माझ्या अनुभवाला पटत नाही. महायुद्धात ऑस्ट्रेलियात कपड्यांचं रेशनिंग होतं, ते १९४८च्या मध्यापर्यंत चाललं. वापरलेले कपडे हातोहात फिरायचे, आणि फिरताना आधीच्या मालकाचं नाव लोक उसवून टाकायचे. मेहुण्याचा टाय याच्याकडे असणं त्यातच बसतं. स्वतःच्या नावाची खूण नाही, दुसऱ्याच्या नावाची राहिली. हेराने केलं असतं तर टायवरचं कीन आधी काढलं असतं.

खुनाचा तपास लागत नाही तेव्हा आपल्याकडे 'ए समरी' करतात. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. फाइल बंद होते, मिटत नाही. माझ्या हातून ज्या अशा फायली गेल्या त्या मला नंबरांसकट पाठ आहेत.

घाटमाथा

मला अजून हेरगिरीची शक्यता पूर्ण सोडवत नाही. वूमेराची क्षेपणास्त्र चाचणीची जागा त्याच राज्यात. शीतयुद्ध सुरू झालेलं. ऑस्ट्रेलियाची गुप्तचर संघटना १९४९च्या मार्चमध्ये स्थापन झाली ती सोव्हिएत हेरगिरीच्या धास्तीनेच. त्यात विजेच्या उपकरणांचा कारागीर, गुप्तलिपी, खूण न ठेवणारं विष. एवढे योगायोग?

पिंपळपान

घाटमाथा, काळ तसा होता हे मान्य. पण तपशील पाहा. हेन्ली बीचचं तिकीट काढलं आणि गाडी घेतली नाही, बस घेतली ती ग्लेनेलगकडची. सूटकेसमध्ये स्लिपर आणि ड्रेसिंग गाऊन. हे कुठेतरी चार दिवस राहायला निघालेल्या माणसाचं सामान आहे. ती अक्षरं म्हणजे शब्दांची आद्याक्षरं असावीत, असं त्यांची वारंवारता तपासणाऱ्यांनी दाखवलंय. कवितेच्या ओळी लक्षात ठेवायला लिहितात तशी. नाव कळल्यावर ती घोड्यांची नावं असतील असाही अंदाज अ‍ॅबट यांनी मांडला. दोन्ही गोष्टी या माणसाला शोभतात, त्यासाठी मॉस्कोपर्यंत जायला नको.

किनारपट्टी

मी अ‍ॅडलेडला राहते. सॉमर्टनच्या किनाऱ्यावर आमचं संध्याकाळचं फिरणं असतं. पहिल्यांदा हे प्रकरण वाचलं त्या आठवड्यात मुद्दाम ती जागा शोधायला गेले होते. बंधारा, पायऱ्या, वाळू. लोक कुत्री घेऊन फिरतात, मुलं आइसक्रीम खातात. नर्सचं घर मोझली स्ट्रीटवर होतं, तिथून रमतगमत गेलं तरी पाच-सात मिनिटं.

मला तिच्याबद्दल लिहायचंय. प्लास्टरचा पुतळा दाखवला तेव्हा ती एकदम गळून गेल्यासारखी झाली, असं पोलिसांनी सांगितलं, आणि या एका क्षणावर तिच्या उरलेल्या आयुष्याचा निवाडा झाला. तिने नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती, पोलिसांनी ती मानली होती. पुढे लोकांनी ते शोधून काढलंच. ती २००७ साली वारली. मेल्यावरही ती हेर होती, तिच्या मुलाचा बाप हाच होता, अशी चर्चा मुलाबाळांना ऐकावी लागली. मेलेल्या माणसाचा चेहरा समोर ठेवल्यावर एखादी बाई हादरली तर तो पुरावा होतो का? हे असे विषय आवडीने वाचणाऱ्यांत मीही आहे. पण जिवंत माणसांच्या घरात आपण किती घुसतो याचा मला त्रास होतो.

वेस्ट टेरेसलाही जाऊन आले. 'सॉमर्टनच्या किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ रोजी सापडलेला अज्ञात पुरुष येथे विसावला आहे' अशा अर्थाचा दगड तेव्हा तिथे होता. मी शेवंतीची फुलं ठेवली. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बरं केलंस, कुणाचा तरी मुलगा होता.

रानवाट

याच्याशी जोडून नॉर्वेतल्या बर्गनचं प्रकरण सांगते. २९ नोव्हेंबर १९७०. इसडालेन दरीत फिरायला गेलेल्या बापलेकींना दगडांमध्ये एका बाईचा जळालेला मृतदेह दिसला. कपड्यांची लेबलं काढलेली. बर्गन स्टेशनच्या सामानघरात तिच्या दोन सूटकेस, त्यांतलीही लेबलं काढलेली. वेगवेगळ्या खोट्या नावांनी ती हॉटेलांत राहिली होती. पोटात झोपेच्या गोळ्यांचा ढीग. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं. तिथल्या लोकांना ते आजही पटलेलं नाही.

तिला जस्ताच्या पेटीत पुरलं, पुढेमागे नातेवाईक आले तर त्यांना नेता यावं म्हणून. जबडा मात्र जपून ठेवला होता. २०१६मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं आणि दातांमधल्या समस्थानिकांवरून ती १९३०च्या आसपास जर्मनीत, बहुधा न्यूरेंबर्गजवळ, जन्मली असावी आणि लहानपणी पश्चिमेकडे फ्रान्सच्या दिशेने गेली असावी असं निघालं. लहानपणी प्यालेल्या पाण्याची, खाल्लेल्या अन्नाची खूण दातात राहते. नाव अजून मिळालेलं नाही. ज्या पोकळीबद्दल पिंपळपान विचारताहेत, ती इथेही आहे. युद्धाच्या काळात वाढलेलं मूल. तिला ओळखणारे तिच्याआधीच गेले असतील, हेही शक्य आहे.

ओसरी

बराच वेळ लिहू की नको करत होते.

पिंपळपान दादा, तुम्ही फार आत्मीयतेने लिहिलंय, पण 'त्याला कोणी शोधलंच नाही' हे वाक्य मला लागलं. तक्रार नोंदवलेली नाही म्हणजे शोधलं नाही, असं नसतं.

माझा धाकटा काका १९९४ साली घरातून गेला. वय एकतीस. वायरमनचं काम करायचा. वेबचं काम वाचलं तेव्हा पोटात कालवलं. आजोबांशी भांडण झालं होतं, रागाने निघून गेला. तो आधीही दोनदा असा गेला होता आणि महिन्याभराने परतला होता. म्हणून पहिले दोन महिने कोणी पोलिसांत गेलंच नाही. येईल, भूक लागली की येईल. मग बाबा गेले तर ठाण्यात सांगितलं, मोठा माणूस आहे, स्वतःच्या मर्जीने गेलाय, नातेवाइकांकडे बघा. एका वहीत लिहून घेतलं, नक्कल दिली नाही. पुन्हा विचारायला गेले तेव्हा ती वही मिळेना.

पण शोधणं थांबलं नव्हतं. बाबा दर आषाढीला पंढरपूरला जायचे, आम्हाला वाटायचं भक्ती. ते वाळवंटात, मठांत, धर्मशाळांत चेहरे बघत फिरायचे, हे आईने फार नंतर सांगितलं. आजी अजून आहे, ब्याण्णव वर्षांची. रात्री कडी लावत नाही. काकूने सोळा वर्षं कुंकू लावलं, मग एक दिवस बंद केलं आणि कुणालाच काही बोलली नाही. या सगळ्याची कुठल्याच सरकारी कागदावर नोंद नाही. उद्या कुणी संशोधकाने आमचं प्रकरण उघडलं तर तोही लिहील, घरच्यांनी तक्रारसुद्धा केली नव्हती.

वेबच्या बायकोने १९५१मध्ये, त्याने सोडून दिलं या कारणावरून घटस्फोट मागितला असं मी वाचलं. म्हणजे तो मेलाय हे तिला माहीतच नव्हतं. तेव्हा ती दक्षिण ऑस्ट्रेलियातच ब्यूट नावाच्या गावी राहत होती. नवरा त्याच राज्यात पुरलेला, वर 'अज्ञात' असा दगड, आणि ही त्याला कोर्टातून नोटीस काढतेय. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं.

पिंपळपान

ओसरी ताई, तुमचं बरोबर आहे आणि माझं वाक्य चुकलं. मी कागद बघून माणसांबद्दल बोललो. मूळ लेखात ते वाक्य तसंच ठेवतोय, म्हणजे तुमचा प्रतिसाद कशाबद्दल आहे ते पुढच्यांना कळेल. पण आता ते माझं मत नाही. आजींना नमस्कार सांगा.

वेबच्या बाजूने एक जोडतो. फोटो छापला गेला तो मृतदेहाचा, आणि ऑस्ट्रेलियाचे पेपर तेव्हा राज्याराज्यांचे वेगळे होते. मेलबर्नच्या घरात तो फोटो कुणी बघितला असेलच असं आपण गृहीत धरतो.

निवृत्त खाकी

ओसरी, बेटा, तुमच्या बाबांना ठाण्यात जे सांगितलं गेलं ते चूक होतं. मी त्याच खात्यातला आहे म्हणून मला हे लिहायलाच हवं. सज्ञान माणूस असला तरी मिसिंगची नोंद घ्यावीच लागते आणि नक्कल मागायचा तुम्हाला हक्क आहे. अठराखालचं मूल असेल तर २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून थेट गुन्हाच नोंदवायचा.

अजून उशीर झालेला नाही. तीन गोष्टी करा. एक, आता नव्याने लेखी अर्ज द्या, पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात त्याची प्रत द्या आणि पोच घ्या. दोन, अर्जात वर्णन लिहिताना 'सावळा रंग, मध्यम बांधा' असं लिहू नका, त्याने कोणी सापडत नाही. मोडलेलं हाड, भाजल्याची खूण, दाताची फट, गोंदण, हे लिहा. वायरमन होते तर हातावर शॉक बसल्याचा वण असेल, आजींना विचारा. तीन, १९९४-९५मध्ये आसपासच्या जिल्ह्यांत जे बेवारस मृतदेह मिळाले त्यांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी ठाण्यांत झालेल्या असतात, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १७४. पंचनाम्यात कपड्यांचं वर्णन असतं. ती चौकशी माहितीच्या अधिकारात करता येते. जुनी दप्तरं नष्ट केली असतील तर तसं लेखी उत्तर घ्या.

सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा माणूस मृत धरतो, पण तो कोर्टातून घ्यायचा निर्णय आहे. आजींच्या हयातीत ते करायचं की नाही हे तुम्ही घरात ठरवा. त्याची घाई करू नका.

रानवाट

खाकी साहेब, डीएनएचं काय? वेबसारखं आपल्याकडे होऊ शकतं का?

निवृत्त खाकी

सापडलेला मृतदेह आणि दावा करणारं कुटुंब समोर असेल तर जुळवणी होते, रोज होते. पण सगळ्या बेवारस मृतदेहांचे आणि सगळ्या बेपत्तांच्या नातेवाइकांचे नमुने एका जागी, असं आपल्याकडे उभं राहिलेलं नाही. २०१९च्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतांसाठी वेगळ्या सूची होत्या. खासगीपणाच्या मुद्द्यावर त्यावर बरेच आक्षेप आले आणि २०२३च्या जुलैमध्ये ते मागे घेतलं गेलं. आक्षेप खोटे नव्हते. पण बेपत्तांपुरतं तरी काही व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. जन्मदात्या आईचा नमुना सगळ्यात उपयोगी, आणि अशा आया दर वर्षी कमी होताहेत.

ओसरी

साहेब, मनापासून आभार. आज आजीजवळ बसून विचारलं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी वण होता म्हणाली, मीटर बॉक्स उघडताना भाजलं होतं. मग स्वतःच उठून ट्रंक उघडली. काकाचा एक सदरा तिने घडी करून ठेवलाय, फिकट निळा, मला हे आजवर माहीतही नव्हतं. कॉलर उलटी करून बघितली. शिंप्याचं लेबल शाबूत आहे, दुकानाचं आणि पेठेचं नाव स्पष्ट वाचता येतं. काका गेला तेव्हा अंगात याच कापडाचा दुसरा सदरा होता, दोन एकदम शिवले होते म्हणे.

फोटो काढून ठेवलाय. सोमवारी अर्जाबरोबर लावते.